टायरमधील हवेचा दाब दाखवणारा बाहेरून बसवायचा संच: सोलापूरच्या उन्हातील चौदा महिने

पतसंस्था आणि दूध संस्थांच्या लेखापरीक्षणासाठी मला महिन्यातून दहा-बारा दिवस सोलापूरबाहेर जावे लागते. कधी बार्शी, कधी मोहोळ, कधी अक्कलकोट, आणि महिन्यातून एकदा पुणे. गाडी मी स्वतःच चालवते. ती 2017 सालची लहान हॅचबॅक असल्यामुळे टायरमधील हवेवर लक्ष ठेवणारी कोणतीही यंत्रणा तिच्यात मुळात नाही. दोन वर्षांपूर्वी मोहोळहून परतताना मागच्या टायरमधील हवा हळूहळू उतरत गेली आणि मला ते तेव्हाच कळले, जेव्हा शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराने हात करून चाकाकडे बोट दाखवले. तोवर टायरच्या बाजूची भिंत रिमखाली चिरडून निकामी झाली होती. पंक्चर दीडशे रुपयांत निघाले असते. टायर मात्र नवा घ्यावा लागला. त्यानंतर मी चार सेन्सर आणि एक छोटा पडदा असलेला संच साडेतीन हजार रुपयांना विकत घेतला. त्याचेच हे परीक्षण आहे.

संचाचे नाव मुद्दाम देत नाही. बाजारात याच आकाराचे, याच पडद्याचे आणि जवळपास याच किमतीचे संच निरनिराळ्या नावांनी मिळतात, आणि मी येथे जे लिहिणार आहे ते बहुतांशी त्या सर्वांना लागू पडावे.

रचना साधी आहे. व्हॉल्व्हवरील प्लॅस्टिकची टोपी काढून तिच्या जागी सेन्सर असलेली टोपी फिरवून बसवायची. ही टोपी आतील पिन दाबून धरते आणि त्यामुळे टायरमधील हवा थेट सेन्सरपर्यंत पोहोचते. प्रत्येक टोपीत नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो. दाब आणि तापमान ती रेडिओ लहरींवरून डॅशबोर्डवरील पडद्याला कळवते, आणि पडदा सौरऊर्जेवर चालतो. दुकानदाराने सगळे वीस मिनिटांत बसवून दिले, कमी दाबाच्या इशाऱ्याची मर्यादा 26 आणि जास्त दाबाच्या इशाऱ्याची मर्यादा 38 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक; पंपावर यालाच ‘पॉइंट’ म्हणतात) लावून दिली, आणि ‘आता बिनधास्त जा’ असे सांगितले. या दोन आकड्यांपैकी एकही माझ्या गाडीसाठी योग्य नव्हता, हे समजायला मला मे महिना उजाडावा लागला.

मे महिन्यातील त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मी पुण्याला निघाले होते. बाहेर 43 अंश तापमान होते. निघण्यापूर्वी, पहाटे 27 अंशांत, चारही टायरांमध्ये 33 पीएसआय हवा असल्याची मी खात्री करून घेतली होती. माझ्या गाडीच्या चालकाच्या बाजूच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पत्रकात हाच आकडा दिलेला आहे. मोहोळ ओलांडले तेव्हा पडद्यावर 37 दिसत होते. टेंभुर्णी जवळ आले तसा आकडा 39 वर गेला, पडदा लाल झाला आणि कर्कश शिटी सुरू झाली. मी घाबरून पंपावर गाडी घेतली. हवा भरणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, उन्हाने हवा फुगलीय, पाच पॉइंट कमी करू का?” मी हो म्हटले. त्याने चारही टायरांतून हवा सोडली, पडदा शांत झाला, आणि मी समाधानाने पुढे निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात गाडी सुरू केली, तेव्हा चारही आकडे 28 होते.

यात त्या मुलाचा दोष नाही आणि खरे तर संचाचाही नाही. बंद जागेतील हवा तापली की तिचा दाब वाढतो, आणि प्रवासी गाडीच्या टायरमध्ये साधारण दर दहा अंशांमागे दीड पीएसआयने तो वर जातो. लेखापरीक्षकाच्या सवयीने मी नंतर कागदावर हिशेब मांडला. 27 अंशांना 33 असलेला टायर 39 दाखवत असेल, तर आतील हवा सुमारे 65 अंशांपर्यंत तापलेली असली पाहिजे. तापलेला डांबरी रस्ता, भर दुपारचे ऊन आणि तासाला ऐंशी-नव्वद किलोमीटरचा वेग यांचा विचार करता यात अस्वाभाविक काही नाही. पडद्यावर मात्र तापमान 58 दिसत होते, कारण सेन्सर टायरच्या बाहेर, वाऱ्याच्या झोतात असतो आणि आतल्यापेक्षा कमीच तापमान सांगतो. कंपनीने पत्रकावर दिलेला 33 हा आकडा थंड टायरचा आहे. म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना, किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चाललेली असताना मोजलेला. प्रवासात होणारी वाढ त्यात गृहीत धरलेलीच असते. म्हणून तापलेल्या टायरमधून हवा सोडणे म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या थंड टायरमधून ती काढून घेणे होय. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते आणि त्या दुमडण्याने टायर अधिकच तापतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात टायर फुटण्याचे जे प्रसंग आपण ऐकतो, त्यांचे खापर सहसा ‘जास्त झालेल्या हवेवर’ फोडले जाते. प्रत्यक्षात कमी हवा, जास्त ओझे आणि वेग ही त्रयी अधिक घातक असते. ‘उन्हाळ्यात दोन पॉइंट कमीच ठेवावी’ हा सल्ला आपल्याकडे इतक्या आपुलकीने दिला जातो, की तो नाकारणे उद्धटपणाचे वाटते. तरी तो नाकारावा.

यातील अधिक गंभीर बाब पुढे आहे. 28 आकडा असतानाही संचाने कमी दाबाचा इशारा दिला नाही, कारण ती मर्यादा 26 वर लावलेली होती. अमेरिकेत 2000 सालच्या कायद्यानंतर नव्या मोटारींना दाबाचा इशारा देणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि तेथे शिफारस केलेल्या दाबापेक्षा 25 टक्के घट झाल्यावर दिवा लागावा असे प्रमाण ठरले. हे प्रमाण माझ्या गाडीला लावले तर दिवा 25 पीएसआयच्या खाली गेल्यावर लागेल. दुकानदाराने लावलेले 26 त्याच्या आसपासचेच होते. आकडा दिसण्याची सोय असताना इतकी वाट पाहण्याचे कारण नाही. मी आता खालची मर्यादा 30 आणि वरची 42 ठेवते. तेव्हापासून उन्हाळ्यातील खोटी शिटी बंद झाली. वरची मर्यादा वाढवली म्हणून टायरच्या भिंतीवर छापलेल्या आकड्यापर्यंत हवा भरायची असे मात्र नव्हे. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, गाडीची गरज नव्हे.

याची दुसरी बाजू जानेवारीत दिसते. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे पारा 15 अंशांपर्यंत उतरतो, आणि ऑक्टोबरमध्ये 33 भरून ठेवलेले टायर सकाळी 30 किंवा 31 दाखवू लागतात. थंडीने एक-दीड पीएसआय जातो आणि रबरातून महिन्याकाठी झिरपणाऱ्या हवेने आणखी थोडा. सकाळी निघताना इशारा वाजतो आणि दहा किलोमीटरवर आपोआप थांबतो, म्हणून बहुतेक लोक तो यंत्राचा बिघाड समजून सोडून देतात. वास्तविक त्या सकाळचा आकडाच खरा असतो.

माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत नवी गाडी घेतली. तिच्यात कंपनीने दिलेली यंत्रणा आहे, पण वेगळ्या जातीची. तिच्या चाकांमध्ये दाब मोजणारे काहीच नसते. एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकाच्या फिरण्याचा वेग मोजणारे जे सेन्सर असतात, त्यांच्यावरूनच ती अंदाज बांधते: हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित कमी होते, त्यामुळे तेवढेच अंतर कापायला ते इतरांपेक्षा थोडे जास्त फिरते. कल्पना चतुर आहे, आणि बदलायला सेल नाहीत हा मोठा फायदा. मात्र आकडा दिसत नाही, कोणते चाक तेही पुष्कळदा कळत नाही, आणि चारही टायर सारखेच उतरले तर तुलनेला आधार उरत नाही. शिवाय हवा भरल्यावर ‘हाच योग्य दाब’ असे यंत्रणेला बटण दाबून शिकवावे लागते. भाच्याने काय केले? दिवा लागला, हवा न भरताच बटण दाबले, दिवा गेला, आणि तो निर्धास्त झाला. यंत्रणेने उतरलेली हवा हीच योग्य हवा म्हणून मनावर घेतली. रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा मी मापकाने पाहिले, तर पुढच्या उजव्या टायरमध्ये 24 पीएसआय होते.

“अगं मावशी, पण दिवा कुठे लागलाय?” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरेच होते.

त्याच्याच गाडीच्या निमित्ताने दिव्याची भाषाही सांगते. टायरचा आडवा छेद आणि मध्ये उद्गारचिन्ह असे ते पिवळे चिन्ह असते. ते लागून स्थिर राहिले तर हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर ते मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाले, तर बहुतेक गाड्यांमध्ये त्याचा अर्थ यंत्रणाच बिघडली आहे असा होतो, आणि मग टायर फुगवत बसण्यात अर्थ नसतो.

आता संचाने खरोखर उपयोग करून दिला तो प्रसंग. सप्टेंबरमध्ये अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एका संस्थेत मी आठवडाभर जात होते. सोमवारी चारही आकडे 33 होते. बुधवारी मागचा उजवा 32, गुरुवारी 31, शनिवारी सकाळी 29. बाकीचे तीन 33 वरच. इशाऱ्याची शिटी शनिवारी वाजली, पण एक आकडा इतर तिघांपासून फुटून निघाला आहे हे माझ्या ध्यानात गुरुवारीच आले होते. विजापूर वेशीजवळ आमचे नेहमीचे पंक्चरवाले चाचा आहेत. त्यांनी टायर पाण्याच्या टाकीत फिरवला आणि खाचेत रुतलेला, डोक्याने पूर्ण झिजलेला लोखंडी चुका, म्हणजे बारीक खिळा, काढून हातावर ठेवला. असा चुका टायरमध्ये राहून हवा हळूहळू सोडतो. वरून पाहून तो दिसत नाही आणि ट्यूबलेस टायर उतरलेलाही जाणवत नाही. चाचांनी बाहेरून भोकात रबरी दोरी न घालता टायर रिमवरून उतरवला आणि आतून मशरूम पॅच, म्हणजे भोक भरणारी दांडी असलेली रबरी चकती, बसवला. महामार्गावर चालणाऱ्या गाडीला तोच योग्य, असे त्यांचे मत आहे आणि माझेही झाले आहे. चारही आकड्यांची एकमेकांशी तुलना करणे, हा या संचाचा सर्वांत मोठा उपयोग मी मानते. उन्हाने किंवा थंडीने चारही एकत्र हलतात. एकटाच हलला तर त्या चाकात काहीतरी आहे.

वेगाने उतरणाऱ्या हवेचा अनुभव एकदाच आला, तोही तुळजापूर रस्त्यावर. 35, 33, 30 असे आकडे काही मिनिटांत बदलले. अशा वेळी काय करावे हे पुस्तिकेत नाही, म्हणून लिहिते. ब्रेक एकदम दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, पाय हळूच उचलून वेग कमी होऊ द्यावा, इंडिकेटर देऊन डावीकडे यावे आणि वाहत्या रस्त्यापासून शक्य तितके दूर, सपाट जागी थांबावे. आकडा स्थिर असेल आणि विशीच्या वर असेल तर मंद गतीने जवळच्या पंपापर्यंत जाता येते. आकडा डोळ्यांदेखत खाली येत असेल तर जागच्या जागी स्टेपनी लावणेच बरे, कारण पुढचे दोन किलोमीटर टायर वाचवणार नाहीत. मी स्टेपनी काढली आणि तिच्यात हवाच नव्हती. म्हणजे होती, पण 19 पीएसआय. संचात चारच सेन्सर. पाचव्या चाकाकडे कोणी पाहत नाही, मीही पाहिले नव्हते. 2020 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन, ट्यूबलेस टायर, दाबाचा इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य दिले असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली आहे. शहरापुरती गाडी वापरणाऱ्यांना ते चालेल. बार्शीच्या बाजूला आडगावी, संध्याकाळी सहानंतर, बाजूने फाटलेल्या टायरवर त्या दुरुस्ती साहित्यातील डबीतला द्रव काहीच करू शकत नाही, त्यामुळे मी स्टेपनी असलेलीच गाडी घेईन. आता ती दर महिन्याला तपासली जाते.

दोषांकडे वळते. पहिला दोष मोठा आहे आणि तो संचाच्या रचनेतच आहे. व्हॉल्व्हची पिन कायम दाबलेली राहत असल्यामुळे टायरमधील हवा अडवण्याचे काम शेवटी टोपीतील बारीक रबरी चकतीवर येते. दहाव्या महिन्यात पुढचा डावा टायर आठवड्याला दोन पीएसआय गमावू लागला. चाचांनी टायर दोनदा पाण्यात बुडवला, खिळा सापडला नाही. मग त्यांनी साबणाचे पाणी टोपीवरच ओतले आणि फेसाचे बुडबुडे उठले. “ताई, पंक्चर नाही हे. तुमची टोपीच हवा सोडतीय,” असे म्हणून ते इतके हसले, की मलाही हसू आले. हवा गेल्याचा इशारा देणाऱ्या वस्तूनेच हवा घालवावी, अशी नोंद माझ्या कोणत्याही लेखापरीक्षण अहवालात आलेली नाही. चकती बदलून गळती थांबली, पण चाचांनी आणखी एक गोष्ट दाखवली. माझ्या गाडीचे व्हॉल्व्ह रबरी आहेत, आणि वेगात फिरणाऱ्या चाकावर दहा-बारा ग्रॅमची टोपी त्यांना सतत बाहेर ओढत राहते. दोन व्हॉल्व्हच्या मुळाशी बारीक चिरा दिसू लागल्या होत्या. बाहेरचा संच घ्यायचाच असेल तर आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत. हे मला विकताना कोणी सांगितले नाही.

दुसरा त्रास हवा भरताना होतो. टोपीखालील चोरीविरोधी नट सोडवायला वेगळा छोटा पाना लागतो, त्यामुळे पंपावर मागे रांग असताना चार टोप्या काढून पुन्हा बसवणे जिवावर येते. पंपावरची हवा मोफत असते, त्या मुलाचा वेळ नसतो. मी आता घरीच सिगारेट लायटरच्या जागेवर चालणारा छोटा पंप वापरते, तेही सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी. अलाइनमेंटच्या वेळी चाके पुढे-मागे बदलली, तर टोप्यांची जागाही बदलते आणि पडदा भलत्याच चाकाचे नाव सांगू लागतो. माझ्या बाबतीत एकदा तसे झाले आणि मी चांगल्या टायरमध्ये तीन पॉइंट जास्त भरले.

पडद्याबद्दल थोडक्यात. समोरून ऊन आले की आकडे वाचता येत नाहीत, मे महिन्यात चिकटपट्टी वितळून तो दोनदा पायाशी पडला, आणि उन्हात बंद गाडीत आतली बॅटरी तापू नये म्हणून मी तो आता काढून सामानाच्या कप्प्यात ठेवते. सेन्सरचे सेल बाराव्या महिन्यापासून एकेक करून संपू लागले. ते घड्याळाच्या दुकानात मिळतात आणि बदलणे सोपे आहे. आकड्यांच्या अचूकतेबद्दल तक्रार नाही. मी चाचांच्या मापकाशी सोळा वेळा पडताळून पाहिले, फरक एक पीएसआयच्या आतच राहिला. एका टायरच्या दुकानात नायट्रोजन भरला तर हे आकडे हलणारच नाहीत असे मला सांगण्यात आले. भरून पाहिला, आकडे पूर्वीसारखेच हलले. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर तोही इतर वायूंप्रमाणेच वागतो.

पाचपैकी मी या संचाला तीन गुण देते. एक गुण टोपीच्या गळतीसाठी आणि एक त्या पुस्तिकेसाठी कापला आहे, जिच्या बावीस पानांत ‘थंड टायर’ हे शब्द एकदाही येत नाहीत. येत्या पावसाळ्यापूर्वी चारही टायर बदलायचे आहेत. टायर रिमवरून उतरणारच असल्यामुळे त्याच वेळी धातूच्या व्हॉल्व्हसह आतून बसणारे सेन्सर घालून घेण्याचे मी चाचांशी ठरवले आहे. त्यांचा सेल बदलता येत नाही, पण तो अनेक वर्षे टिकतो आणि गळायला बाहेर टोपीच उरत नाही. सध्याचा संच भाच्याने मागितला आहे. त्याला तो मिळेल, पण आधी व्हॉल्व्ह बदलून आणल्यावर.